रणजी, बोडी अन् आम्ही दोघं भाऊ



पऱ्हे टाकून झाले, रोवणीला अजून वेळ आहे. म्हणून आज पिकाबाहेरचं लिहितो. परवा तालुक्याला एका तरुण कृषी सहायकानं विचारलं, "काका, क्रिकेटमध्ये तुम्ही कोणत्या टीमचे?" मी म्हटलं, विदर्भाचा. तो हसला. म्हणे, आयपीएलमध्ये विदर्भाची टीमच नाही. ते मलाही माहीत आहे. मी रणजीचं बोलत होतो.

नवीन पोरांसाठी सांगतो. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजी करंडकात आपल्या राज्याच्या तीन टीम खेळतात: मुंबई, महाराष्ट्र अन् विदर्भ. विदर्भ राज्य होईल तेव्हा होईल, स्कोअरबोर्डावर तो कधीचाच वेगळा आहे. 1957-58 पासून विदर्भ या स्पर्धेत खेळते. अन् पहिल्यांदा फायनल गाठली ती 2017-18 ला. मधली साठ वर्षं मोजा. त्यातली तीसेक वर्षं मी पाहिली, म्हणजे बहुतेक पेपरात वाचली.

सुरुवात मोठ्या भावामुळं झाली. मी त्याला दादा म्हणतो. माझी दहावी झाली होती, तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबांचं काहीतरी काम होतं म्हणून आम्ही दोघं नागभीडहून छोट्या लाईनच्या गाडीनं इतवारीला गेलो. ती गाडी 2019 मध्ये बंद झाली, मोठ्या लाईनचं काम निघालं म्हणून. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना माहीत आहे, चढावर उतरून लघवी करून परत चढता येत होतं. काम दुपारीच आटोपलं. दादा म्हणाला, चल, तुले एक गंमत दाखवतो. अन् मला सिव्हिल लाईन्सच्या मैदानावर घेऊन गेला. विदर्भाची मॅच सुरू होती. कोणी तिकीट विचारलं नाही. एवढं मोठं मैदान, अन् पाहणारे आम्ही धरून पन्नास असतील. एक म्हातारा डबा खात होता, दोघं झोपले होते. पण बॅटीवर बॉल लागल्याचा आवाज एवढा साफ येत होता की मला तो अजून ऐकू येते. आम्ही हरत होतो. दादा म्हणाला, "आपली टीम आहे, पाहून घे."

तेव्हापासून नाद लागला. त्याच सुमारास 31 ऑक्टोबर 1987 ला नागपुरात भारत-न्यूझीलंड वर्ल्डकपची मॅच झाली. चेतन शर्मानं लागोपाठ तीन दांड्या उडवल्या, वर्ल्डकपमधली पहिली हॅटट्रिक. गावसकरनं वनडेतलं आपलं एकमेव शतक त्याच दिवशी मारलं, 88 बॉलमध्ये 103. आम्ही हलक्या धानाची कापणी करत होतो अन् रेडिओ धुऱ्यावर ठेवला होता. कापणाऱ्या बाया वैतागल्या, विळे थांबले म्हणून. सगळं गाव त्या मॅचबद्दल महिनाभर बोललं. विदर्भाच्या रणजीबद्दल मात्र आम्ही दोघंच बोलायचो.

पेपर दुपारच्या एसटीनं यायचा, तोही कालचा. न्हाव्याच्या दुकानात मागून चौथं पान उलटायचं अन् बारीक अक्षरातला धावफलक शोधायचा. समोर रेल्वे, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश, म्हणजे आमचा मध्य विभाग. कधी हार, कधी ड्रॉ. ड्रॉ असला तर पहिल्या डावाची आघाडी कोणाची ते पाहायचं, कारण गुण त्याच्यावर. कधीमधी जिंकलेलीही असायची, मग तो कागद दादा घरी आणायचा. रात्री डुकरं राखायला माळ्यावर बसलो की त्यावरच गोष्टी. मंडईचे दिवस, आजूबाजूच्या गावात नाटकं, वडसेच्या कंपन्यांचे ट्रक रात्रभर रस्त्यानं, अन् आम्ही दोघं माळ्यावर विदर्भाचा तिसऱ्या नंबरचा बॅट्समन कोण असावा यावर भांडत होतो.

लोक विचारायचे, हरणाऱ्या टीमच्या मागं काहून लागता? मला हा प्रश्न कधी समजला नाही. कोरडवाहू धान करणाऱ्या माणसानं दुसऱ्याला हा प्रश्न विचारू नये.

मग उमेश यादव आला. खापरखेड्याकडचा पोरगा, बाप कोळशाच्या खाणीत कामाला. आपल्या बल्लारपूर-दुर्गापूरच्या खाणीत अशी किती घरं आहेत. वीस वर्षांचा होईपर्यंत त्यानं लेदरचा बॉल नीट हाताळला नव्हता. 2008 ला विदर्भाकडून खेळला अन् 2011 ला दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी. विदर्भाच्या टीममधून कसोटीत गेलेला तो पहिला. आपल्याकडं काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी तोवर एकच नाव सांगायचो, नांदेडचे दादाजी खोब्रागडे. आपल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड, मराठवाड्यातलं नाही. दीड एकराच्या माणसानं बांधीत वेगळी दिसलेली लोंबी वेचून वेचून एचएमटी वाण काढला, नाव दिलं घड्याळाचं. उमेश आल्यावर माझ्याकडं दोन नावं झाली.

पण ती कसोटी मी एकट्यानं पाहिली. कारण 2009.

बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या. बोडी दादाच्या हिश्शात गेली, पण माझ्या चार बांध्या तिच्याच पाण्यावर. 2009 ला पावसानं दगा दिला, आठवत असेल तुम्हाला. धान निसवत होता, एक पाणी मिळालं तर पीक, नाही तर तणस. बोडीत पाणी एकाच्या बांध्यांपुरतं होतं. पाट फोडण्यावरून शब्दाला शब्द वाढला, बायामाणसं मधात पडली. कोण बरोबर अन् कोण चूक ते गावाला विचारा, गाव अजूनही दोन मतांचं आहे. त्या दिवसापासून आम्ही बोलणं सोडलं. धुरा एक, आंगणं लागून, अन् आठ वर्षं शब्द नाही. लग्नाची पत्रिका पोराच्या हातून जायची.

2017 चा खरीप धानवाल्यांना सांगायला नको. तुडतुड्यानं बांध्याच्या बांध्या जाळल्या. सकाळी हिरवी दिसलेली बांधी चार दिवसात भाजल्यासारखी. दाट रोवणी, जास्तीचा युरिया अन् साचलेलं पाणी, हे तीन एकत्र आले की तुडतुड्याला मोकळं रान, हे मी इथं आधीही लिहिलं आहे. माझे साडेतीन एकर होते, चुरण्यात अर्धाही धान निघाला नाही. दादाचं माझ्याहून वाईट. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात बोंडअळी अन् तुडतुड्याच्या मदतीवर गोंधळ सुरू होता, अन् त्याच दिवसात कोलकात्याला ईडन गार्डनवर विदर्भ रणजीची सेमीफायनल खेळत होता. समोर कर्नाटक.

आमच्या गावात नेटवर्क तलावाच्या पाळीवर येते. मामा तलाव आहे आमचा, पाळ उंच, तिथं मोहाच्या झाडाखाली दोन काड्या मिळतात. विदर्भ पहिल्या डावात 185, कर्नाटक 301. गेलंच म्हटलं. पण दुसऱ्या डावात आपण 313 केले. त्यांना 198 पाहिजे होते अन् चौथ्या दिवशी संध्याकाळी ते सात बाद 111. रात्री झोप नाही.

21 डिसेंबर, गुरुवार. सकाळीच पाळीवर गेलो. थंडी मरणाची, तलावावर धूर. मी मोबाईल उंच धरून बसलो. त्यांचे शेपटाचे गडी धावा काढत होते, 87 पाहिजे होते ते कमी कमी होत चालले. मागं पावलं वाजली. दादा होता. अंगावर ब्लँकेट, हातात साधा बटनाचा फोन. त्याच्यावर स्कोअर दिसत नाही. तो थोडा लांब उभा राहिला, तलावाकडं पाहत. मग म्हणाला,

"किती झाले गा?"

मी सांगितलं. आठ बाद. तो खाली बसला. त्यानंतर आम्ही काहीच बोललो नाही, फक्त मी आकडा वाचायचो अन् तो हं म्हणायचा. नेटवर्क जायचं, यायचं. शेवटचे तिन्ही बळी रजनीश गुरबानीनं घेतले. इंजिनिअरिंग शिकलेलं पोरगं, मॅचमध्ये बारा बळी. कर्नाटक सर्वबाद 192. पाच धावांनी विदर्भ फायनलमध्ये. दादानं ब्लँकेटाच्या टोकानं डोळे पुसले अन् म्हणाला, धूर लागला. धूर नव्हता, धुकं होतं. मी काही म्हटलं नाही.

फायनल इंदूरला, समोर दिल्ली, त्यांच्याकडं गंभीर, पंत. आमच्या खळ्यावर माझ्या पोरानं मोठा मोबाईल खाटेला बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीची हॅटट्रिक. रणजी फायनलमधली ती दुसरीच, पहिली 1972-73 ला तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. मग आपले 547. अक्षय वाडकर 133, आदित्य सरवटे 79, सिद्धेश नेरळ 74. मी मुद्दाम खालच्या नंबरचे सांगून राहिलो, कारण वरचे बाद झाले की आपलं आवरलं, ही तीस वर्षांची सवय होती. 1 जानेवारी 2018 ला 29 धावा पाहिजे होत्या. वसीम जाफर चाळिशीला टेकलेला, मुंबईहून आलेला, त्यानं चौकार मारला अन् संपलं. कप्तान फैज फझल, कोच चंद्रकांत पंडित. खळ्यावर चुरणा करणारे मजूर विचारत होते, वर्ल्डकप आहे काय? दादा म्हणाला, "त्याच्यापेक्षा मोठा."

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सौराष्ट्राविरुद्धची फायनल जामठ्याला होती. यावेळी आम्ही दोघं गेलो, त्याच छोट्या गाडीनं. पुतणीकडं नागपुरात मुक्काम. चौथ्या दिवशी पुजाराला सरवटेनं शून्यावर बाद केलं ते या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या डावातही त्यानंच काढला होता, एकावर. डावखुरा स्पिनर, काही फार वळवत नव्हता, फक्त एका जागेवरून हलत नव्हता. मॅचमध्ये अकरा बळी अन् आपण 78 धावांनी जिंकलो. जाफरच्या त्या मोसमात हजाराच्या वर धावा. त्यानंतर इराणी करंडकही आपल्याकडंच राहिला, अन् त्याचं बक्षीस टीमनं पुलवामाच्या शहिदांच्या घरी दिलं.

2024 ला मुंबईकडून वानखेडेवर हरलो. 538 पाहिजे होते, कोण करते एवढे? पण पाचव्या दिवशी सकाळचं पूर्ण सत्र वाडकर अन् हर्ष दुबेनं विकेट जाऊ दिली नाही. मी उन्हाळी धानाला पाणी लावून मोबाईल घेऊन बसलो होतो. 368 पर्यंत गेलो, 169 नी हरलो. मला ती मॅच दोन्ही जिंकलेल्या फायनलइतकी आवडते. पोराला पटत नाही.

अन् मागच्या वर्षीची, म्हणजे 2025 ची. जामठ्यालाच, समोर केरळ. दानिश मालेवार 153, करुण नायर 86, आपले 379. हर्ष दुबेनं त्या मोसमात 69 बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. पण मला सांगायचं आहे ते वेगळं. केरळच्या टीममध्ये सरवटे होता. आपला सरवटे, नागपूरचा. टीम बदलली होती त्यानं. अन् विदर्भाच्या समोर उभा राहून त्यानं किती केले? 79. आपल्यासाठी इंदूरला केले होते तेवढेच.

आम्ही दादाच्या घरी टीव्हीवर पाहत होतो. पोट्टे त्याला गद्दार म्हणत होते. दादा उखडला. म्हणाला, "गद्दार काहून? खेळणारा माणूस आहे, खेळते. आपला करुण नायर कुठला? जाफर कुठला होता?" पोट्टे गप्प. थोड्या वेळानं सरवटेनं एक कव्हरमधून मारला अन् दादाच्या तोंडून निघून गेलं, "वाह रे पोरा!" सगळे हसले. केरळ 342 वर आवरलं. 2 मार्चला, रविवारी, मॅच ड्रॉ झाली अन् 37 च्या आघाडीवर करंडक आपला. लहानपणी पेपरात शोधायचो तीच पहिल्या डावाची आघाडी.

दादाला आता गुडघ्यानं पाळीवर चढवत नाही. नवीन मोसम ऑक्टोबरात लागेल, तेव्हा हलका धान कापणीला असेल अन् भारी निसवून झालेला. बोडीचं तुडूम यंदा उन्हाळ्यात दोघांनी मिळून बांधून घेतलं, सिमेंट त्याचं, मजुरी माझी. पहिली पाळी कोणाची यावर अजून ठरलं नाही. पाऊस पाहून बोलू म्हणाला.

रोवणीचं अंतर अन् पट्टा पद्धतीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे, त्यावर दोन दिवसात लिहितो.