कंपनी चांगली, पण किंमत?

एनव्हिडियाच्या शेअरवरून हल्ली आमच्या स्टाफरूममध्येही वाद होतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिप पुरवणारी ही अमेरिकी कंपनी. एक गट म्हणतो, हा फुगा आहे. दुसरा म्हणतो, ही तर सुरुवात आहे. मला वाटतं, यात दोन प्रश्नांची गल्लत होते. कंपनी चांगली आहे का, हा एक प्रश्न. आज तिची जी किंमत मागितली जाते ती योग्य आहे का, हा दुसरा.

फुगा म्हणणारे आधी एकदा तोंडघशी पडले आहेत, हे मान्य करायला हवं. २०२३च्या मध्यावर या कंपनीचं बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरवर गेलं. त्याआधीच्या आर्थिक वर्षातला तिचा नफा होता सुमारे ४३७ कोटी डॉलर. म्हणजे किंमत नफ्याच्या सव्वादोनशे पटींहून जास्त! पण पुढच्या दोन वर्षांत नफा ७,२०० कोटींच्या पुढे गेला आणि ती महाग किंमत स्वस्त ठरली.

मग आता निर्धास्त व्हावं का? इथे मला सिस्को आठवते. इंटरनेटची यंत्रसामग्री विकणारी ही कंपनी मार्च २०००मध्ये जगातली सर्वांत मूल्यवान कंपनी झाली होती. शेअर ८० डॉलरच्या आसपास होता. २००२मध्ये तो दहाच्या खाली आला. कंपनी बुडाली नव्हती. २००८पर्यंत तिची विक्री २०००च्या दुप्पट झाली, तरी शेअर जुन्या किमतीच्या निम्म्यावरही पोचला नव्हता. इंटरनेट जग बदलणार, हा लोकांचा अंदाज बरोबर होता. चुकली ती त्यांनी मोजलेली किंमत.

शिक्षकाला हे लवकर कळतं. चाळीस टक्क्यांवरून नव्वदवर गेलेल्या मुलाकडून घरचे अठ्ठ्याण्णवची अपेक्षा धरतात. मग ब्याण्णव मिळाले तरी घरात शांतता पसरते. ऑगस्ट २०२४मध्ये एनव्हिडियाने तिमाही विक्री वर्षभरात दुपटीहून जास्त वाढल्याचं जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी शेअर सहा टक्क्यांनी पडला. जुलै २०२५मध्ये बाजारमूल्य चार लाख कोटी डॉलर झालं, म्हणजे आधीच्या पूर्ण वर्षाच्या नफ्याच्या सुमारे ५५ पट. इतकी किंमत देणारा आजचा नफा विकत घेत नसतो, पुढच्या कित्येक वर्षांची वाढ आगाऊ विकत घेत असतो. त्यात तिच्या विक्रीचा मोठा भाग मोजक्या बड्या कंपन्यांवर अवलंबून आहे. त्यांनी हात आखडता घेतला, तर?

हा वाद माझ्या घरातही आला आहे. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी साठवलेले पैसे त्याला या शेअरमध्ये घालायचे आहेत. आपा, म्हणजे त्याची आई, पंधरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आहे.

तो म्हणाला, “मामू, तेव्हाही सगळे महागच म्हणत होते.”

त्याचं म्हणणं खरं आहे, आणि शेअर आणखी वर जाणार नाही असं मी सांगू शकत नाही. मी एवढंच विचारलं, “हा शेअर निम्म्यावर आला आणि आठ वर्षं तिथेच राहिला, तर आपाला काय सांगशील?”

दहा वर्षं हात लावावा लागणार नाही असा पैसा असेल, तर हा वाद खुशाल घालावा. आपाच्या घराचा पैसा तसा नाही. भाच्याने अजून काही ठरवलेलं नाही. कालच त्याचा फोन आला होता, सिस्कोचा जुना आलेख पाठव म्हणून. मी पाठवला आहे.