पिंजणाची तात

नववीच्या वर्गात फळ्यावर 'पिंजाऱ्याची तात' असं लिहिलं, तर एका मुलानं विचारलं, "सर, म्हणजे पिंजाऱ्याचे वडील?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. मराठीत तात म्हणजे वडील आणि तात म्हणजे आतड्याची दोरीही. उर्दूत तिला ताँत म्हणतात. आमच्या म्हसवडात ही दोरी डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता चाळिशीच्या पुढचीच सापडतील.

माझे आजोबा पिंजारी. त्यांना आम्ही दादाजी म्हणायचो. दिवाळीनंतर खांद्यावर पिंजण टाकून ते माणदेशातली गावं फिरत. लाकडी मोगरीचा ठोका तातीवर पडला की ढँव ढँव असा आवाज घुमायचा आणि त्या थरथरीनं कापूस फुलून यायचा. पिंजारी आला हे बायकांना त्या आवाजावरूनच कळायचं. पावसाळ्यात पिंजण घराच्या आढ्याला टांगलेलं असे. आम्ही पोरं हात लावायला गेलो की ते ओरडायचे, "तात को पानी नको दिखाव!"

तात बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याची. बकरी ईदला दादाजी नातलगांकडून लांबलचक आतडी मागून आणायचे. ती धुवायची, बोथट पात्यानं खरवडून चरबी आणि मांस काढायचं, मग ओली असतानाच दोन-तीन पदर एकत्र पिळून दोन खुंट्यांना ताणून सावलीत वाळवायची. वास असा, की अम्मी त्या दिवसांत अंगणात यायची नाही. सुकली की मात्र तात पिवळसर, काचेसारखी, आणि ओढली तर बोट कापेल अशी. पीळ कमी पडला तर तिचे धागे सुटायचे. कुठे चरबी राहिली तर ती तिथूनच कुजायची.

पिंजण हे काही वाद्य नव्हे. पण हीच तात जोगत्यांच्या चौंडक्यात असते, आणि तानसेनाच्या घराण्यातल्या रबाबालाही तातीच होत्या. त्या रबाबाची एक गोष्ट सांगतात. बनारसला जाफर खाँ नावाचे त्याच घराण्यातले रबाबिये होते. भर पावसाळ्यात त्यांना वाजवायला सांगितलं. दमट हवेनं तात सैल पडली, रबाबावरचं कातडंही ढिलं झालं, आणि वाद्य बोलेना. त्यांनी मुदत मागून घेतली आणि नवं वाद्य घडवलं. कातड्याच्या जागी लाकूड, तातीच्या जागी धातूच्या तारा, बोटांखाली धातूचा पत्रा. तो सूरसिंगार. काबुली रबाबातून सरोद झाला तेव्हाही तात जाऊन तार आली. मला ही गोष्ट पटते ती दादाजींमुळे. ऐन पावसात तातीचं काय होतं ते मी आढ्याला टांगलेलं पाहिलं आहे.

विलायतेतही हेच दुखणं होतं. ल्यूट नावाच्या तिकडच्या जुन्या वाद्याला आतड्याच्याच तारा असत. थॉमस मेस नावाच्या इंग्रज वादकानं १६७६ साली आपल्या पुस्तकात सल्ला दिला की दिवसा ल्यूट अंथरुणात ठेवावं, वरच्या जाड पांघरुणाच्या आणि घोंगडीच्या मधे. चादरींच्या मधे मात्र नको, त्या घामानं ओलसर असतात. हे वाचून मला आमच्या म्हसवडची घोंगडी आठवली. मेससाहेबांना एखादी पाठवता आली असती तर! पुढे दुसऱ्या महायुद्धात आतड्याची दोरी शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि तिचा तुटवडा पडला, तेव्हा गिटारवर नायलॉन आला. तो आज जगभर आहे. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांनाही धातूच्याच तारा.

तात किती टिकते, असं मी एकदा दादाजींना विचारलं होतं. त्यांना तो प्रश्नच कळला नाही. तुटली की दुसरी, असं ते म्हणाले. त्यांच्या झोळीत नेहमी दोन-तीन ताती तेलाचा हात फिरवून, गुंडाळून ठेवलेल्या असायच्या. तात टिकावी अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. नवी करता येत होती, म्हणून पिंजण टिकलं होतं. ते गेले आणि शेवटची तात माळ्यावर उंदरांनी खाल्ली. अब्बांना करता येत नव्हती, ते तोवर एका दुकानात नोकरीला लागले होते. गाद्या मशीनवर पिंजून मिळू लागल्या होत्या, मग फोमच्या आल्या.

यंदा शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. मी पिंजण खाली काढलं आणि त्याला मासे धरायची नायलॉनची दोरी बांधली. दिसायला झकास. अम्मीनं ठोका ऐकला आणि म्हणाली, "ये उनका आवाज नईं."

म्हणून या बकरी ईदला मी चुलतभावाकडून आतडी मागून आणली. त्याला वाटलं मास्तरचं डोकं फिरलं. बायको दारातूनच परत गेली. पहिली तात ताणतानाच तुटली, मी पीळ कमी दिला होता. दुसरी बसली खरी, पण आठव्या-नवव्या ठोक्याला मधेच फुटली. तिथे चरबी राहिली होती, हात फिरवल्यावर कळलं. तिसरी आता अंगणात दोन खुंट्यांमधे ताणलेली आहे. अम्मी येता-जाता तिला बोट लावून बघते आणि म्हणते, अजून ओली आहे.