जेवायचं कोण राहिलंय?

ओरत्तनाडूत सकाळी पेपर हाती आला की माणसं आधी मेट्टूरचा आकडा शोधतात. मुख्यमंत्री काय म्हणाले, मदुराईत कुणाला अटक झाली, हे सगळं नंतर. धरणाची पातळी किती फूट, आत येणारं पाणी किती क्युसेक, सोडलेलं किती, एवढीच ती चौकट. मी इथं मुलीकडे राहायला आलो तेव्हा तमिळ अक्षरं लावत वाचत होतो, आणि मला सगळ्यात आधी सरळ वाचता आली ती हीच बातमी. आता मीही तेच करतो. 120 फूट म्हणजे धरण काठोकाठ. नव्वदच्या खाली पातळी गेली की टपरीवरचं बोलणं कमी होतं, हे मी पाहिलंय.

मेट्टूर इथून लांब, पार सेलम जिल्ह्यात. पण कुरुवै म्हणजे उन्हाळा-पावसाळ्याच्या सांध्यावरचं भातपीक, आणि ते घ्यायचं की नाही हे तिथल्या पाण्यावर ठरतं. रिवाजाप्रमाणे 12 जूनला दरवाजे उघडतात. पाणी दोनतीन दिवसांत कल्लणैला पोचतं, म्हणजे करिकाल चोळाचा म्हणून सांगतात त्या जुन्या बंधाऱ्याला. तिथं कावेरी, वेण्णारु, कोळ्ळिडम अशा वाटा फुटतात, आणि आमच्या वाट्याला येतो तो कल्लणै कालवा. मेट्टूर धरणाबरोबर 1934 साली तो सुरू झाला. नव्वद वर्षं होऊन गेली तरी इथली म्हातारी माणसं त्याला अजून ‘पुदु आरु’, नवी नदी, असंच म्हणतात. 2024 साली 12 जून कोरडा गेला. दरवाजे उघडले ते 28 जुलैला. त्या दीड महिन्यात बंगळूर, दिल्ली, सर्वोच्च न्यायालय, कावेरी प्राधिकरण या शब्दांवाचून टपरीवर एक चहा संपत नव्हता. ज्यांनी बंगळूर कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही ती माणसं कर्नाटकातल्या कावेरी खोऱ्यातल्या चारही धरणांची नावं घडाघडा सांगतात. 2018 च्या निकालात तमिळनाडूच्या वाट्याला किती टीएमसी आलं, हे इथला भाजीवालासुद्धा दशांशासकट सांगतो: 177.25. राजकारण लोकांना कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा इथं येऊन बसावं.

गाव तसं तालुक्याचं. तंजावरहून पट्टुक्कोट्टैला जाणाऱ्या रस्त्यावर, तंजावरच्या दक्षिणेला तासाभराच्या आत. बसस्टँड, खताची दुकानं, सोनाराची दुकानं, नांगराचे फाळ आणि मोटारीचे पंप एकाच दुकानात. पशुवैद्यकीय कॉलेज गावाबाहेर. रेल्वे नाही. तंजावर-पट्टुक्कोट्टै लोहमार्गाची मागणी इतकी जुनी आहे की निवडणूक आली म्हणजे ती आपोआप आठवते. भिंती मात्र कधी रिकाम्या नसतात. कुणाच्या मुलीचे कान टोचलेत, कुणाचं लग्न आहे, कुणाला जाऊन सोळा दिवस झाले, सगळं भिंतीवर. वरच्या कोपऱ्यात पक्षाच्या नेत्यांचे फोटो, खाली मृताचा. दुःखाच्या पोस्टरवरसुद्धा गावाची पक्षवार यादी वाचता येते. आमच्याकडे सांगलीला सुतकाची बातमी तोंडी पसरायची. इथं ती डिंकाच्या वासानं पसरते.

हा तालुका राजकारणात मुरलेला आहे. 1965 च्या हिंदीविरोधी आंदोलनातले विद्यार्थी नेते एल. गणेशन इथलेच. पुढे ते याच मतदारसंघातून विधानसभेत गेले, खासदारही झाले. 2024 च्या जानेवारीत ते वारले तेव्हा पोस्टरवर पोस्टर चढले होते. अशा गावात मी मराठी माणूस, माझी लिपी देवनागरी. लोक विचारतात, सार्, तुम्ही हिंदीवाले का? नाही म्हटलं, मराठी, की लगेच उत्तर येतं: मग सरफोजी राजाचे! आणि चहाचे पैसे घ्यायला दुकानदार अण्णा नको म्हणतात. ही ओळख मी कमावलेली नाही. दोनशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी या गावाला जेवू घातलं, त्याची ती पुण्याई आहे.

बसस्टँडपासून थोडं चाललं की ते छत्र दिसतं. मुक्ताम्बाळ छत्रम्. या गावाचं दुसरं नाव मुक्ताम्बाळपुरम्, ते याच बाईवरून. मुक्ताम्बाळ ही तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांची प्रिय सखी. राणीपद तिला मिळालं नाही. जाताना तिनं राजाजवळ मागणं मागितलं ते आपल्या नावानं अन्नछत्र घालण्याचं, असं सांगतात. 1802 च्या सुमारास ते उभं राहिलं. जागा विचारानं निवडलेली, कारण ही रामेश्वरची वाट. काशीहून गंगाजळ घेऊन निघालेला यात्रेकरू तंजावर सोडून समुद्राकडे वळला की त्याला इथं मुक्काम पडायचा. मंडपाचं जोतं रथासारखं घडवलंय. दगडी चाकं आहेत, ओढायला हत्ती-घोडे आहेत. मी एका दुपारी एका चाकाजवळ बसलो होतो. आऱ्यांमधल्या खाचांत शेवाळ वाळून काळं झालेलं, वरच्या विटांच्या सांध्यातून पिंपळाचं रोप हातभर वाढलेलं, आणि घोड्याच्या गुडघ्यापाशी कुणीतरी खडूनं बेरजेचं गणित सोडवलेलं. या वास्तूत पुढे शाळा भरली, मुलांची वस्ती झाली. गणित बरोबर होतं.

तंजावरला महाराष्ट्रातून बसगाड्या येतात. लोक मोठ्या देवळात जातात, 1803 साली भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख बोटानं वाचतात, सरस्वती महालात पोथ्या पाहतात, ऊर भरून येतो, आणि बस रामेश्वरला निघते. बहुतेक वेळा ती पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यानं जातच नाही, आणि गेली तरी ओरत्तनाडूत थांबत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. किल्ले आपण पाठ केले, लढाया पाठ केल्या. आपल्या एका राजानं परक्या मुलखात चुली पेटत्या ठेवल्या, हे आपल्या मुलांच्या पुस्तकात कुठं आहे?

सरफोजींच्या हाती राज्य असं उरलंच नव्हतं. 1799 च्या तहानं मुलूख कंपनीकडे गेला. राजाला किल्ला, मानमरातब आणि उत्पन्नाचा हिस्सा. आणि त्या अवस्थेत, 1801 च्या जानेवारीत, त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. इथलं छत्र तेव्हा व्हायचं होतं. पत्र आहे आधीपासून चालत आलेल्या छत्रांबद्दल, ती आपल्याकडेच राहावीत म्हणून. गेलेल्या राज्याबद्दल गाऱ्हाणं करता आलं असतं. हा माणूस स्वयंपाकघराचा हिशेब मांडत बसला. ब्राह्मणापासून अस्पृश्यांपर्यंत, जोगी, जंगम, फकीर, येईल त्याला शिजवलेला भात. शिजवलेला नको असेल त्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला औषध आणि पथ्याचं जेवण. साप-विंचवाच्या विषावर उतारा जाणणारे वैद्य छत्राला जोडलेले. वाटेत आईबाप गेलेली पोरं छत्राच्या पंतोजींकडे, त्यांना तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी अंगाला तेल, आवडेल ती विद्या आणि शेवटी लग्नाचा खर्चसुद्धा. गरिबाच्या तान्ह्याला दूध. बाळंतीण झालीच तर तिला तीन महिने राहायची मुभा. पावसानं अडकलेल्याला पाऊस थांबेपर्यंत अन्न.

त्या पत्रात एक गोष्ट आहे, तिच्यापाशी मी अडकून पडतो. छत्रात अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवत आणि पुकारा करत: जेवायचं कोण राहिलं असेल त्यानं यावं. एवढं झाल्यावर भांडी घासायला पडत असतील. मी पुष्कळ जाहीरनामे वाचले, तरुणपणी काही लिहूनही दिले. सत्तेचं काम इतक्या थोडक्यात सांगणारा मजकूर मला दुसरीकडे मिळाला नाही. दिवसभर वाढलं, हजारोंना वाढलं, तरी झोपण्याआधी अंधारात हाक मारून बघायचं की कुणी मागे राहिलं का. राहिलेला माणूस बहुधा भिडस्त असतो, आजारी असतो, उशिरा पोचलेला असतो. तो आपण होऊन दारात येत नाही. त्याला हाक मारावी लागते.

म्हणून इथल्या ‘फुकट’ तांदळाची टिंगल माझ्या कानांना सोसत नाही. 2011 च्या जूनपासून तमिळनाडूत रेशनचा तांदूळ मोफत मिळतो. त्याआधी कामराजांनी 1956 साली शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं, एमजीआरनी 1982 साली ते राज्यभर वाढवलं. आता सकाळचीही न्याहारी आहे: 2022 च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि 2023 च्या ऑगस्टपासून सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत. पक्ष बदलले, झेंडे बदलले, एकमेकांवर चिखलफेक झाली, पण पानावरचा भात कुणी काढून घेतला नाही. माझ्या मुलीच्या घराजवळच्या शाळेत सकाळी उपम्याची फोडणी पडते तिचा वास आमच्या गॅलरीत येतो. मोहरी, कढीपत्ता, मग सांबाराचा हिंग. पोरं दप्तर पाठीवर तसंच ठेवून पंगतीला बसतात. एक सकाळ उभा राहून बघितलं तर वाढणारी बाई प्रत्येकाला एकच शब्द विचारत होती: पोदुमा? पुरे का? आपल्याकडची माझ्या वयाची माणसं फोनवर म्हणतात, फुकट देऊन लोकांना आळशी केलं. त्यांना मी सांगतो, या आणि ऑक्टोबरात भात कापणाऱ्या बायकांबरोबर एक दिवस चिखलात उभे राहा.

कारण हा सगळा तांदूळ कुठूनतरी येतो, आणि पुष्कळसा इथूनच येतो. ऑक्टोबर लागला की कुरुवैची कापणी होते आणि त्याच वेळी ईशान्येचा पाऊस दारात उभा असतो. सरकारी खरेदी केंद्रावर भाताच्या राशी लागतात. नियम असा की धान्यात ओलावा सतरा टक्क्यांच्या वर नको. पाऊस लांबला की मर्यादा वाढवून द्या म्हणून राज्य सरकार केंद्राला लिहितं, पथक येतं, भाताचे नमुने घेऊन जातं, उत्तर यायला दिवस जातात. तोवर शेतकरी डांबरी रस्त्यावर भात पसरतो. अर्धा रस्ता सोनेरी, अर्ध्यावरून बस. पायानं पाभरीसारख्या रेघा ओढत बायका धान्य परततात, आभाळ भरलं की निळी-काळी ताडपत्री घेऊन धावतात. आमच्या शेजारचे अय्या, सत्तरीचे, त्यांच्याबरोबर मी एकदा केंद्रावर रात्र काढली. चाळीस किलोच्या पोत्यांची रांग होती, वजनाला नंबर सकाळी लागणार होता. दहाच्या पुढे पाऊस आला. ताडपत्रीच्या कडेनं ओघळ आत शिरला तसे अय्या काही बोलले नाहीत, खाली वाकून राशीच्या तळाला हात घातला, मूठभर भात काढून माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता. ओलं धान्य आतून तापतं, आणि दोन दिवसांत मोड फुटतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला, मोड आलेल्या भाताचा, आमच्या नव्हे, शेजारच्या तालुक्यातल्या. त्यावर विरोधी पक्षाचं निवेदन, सरकारचा खुलासा. दोन्ही मी नीट वाचली. तळहाताची ती ऊब मात्र कुठल्या रकान्यात छापता येईल?

या भागानं त्याहून मोठं पाहिलंय. 15 नोव्हेंबर 2018 ची मध्यरात्र उलटल्यावर गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागलं आणि पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडूकडची माडांची बनं एका रात्रीत आडवी झाली. भात गेला तर पुढच्या हंगामात परत लावता येतो. माड पडला की सात-आठ वर्षं गेली. अय्यांच्या पडवीत पडलेल्या माडाची तुळई अजून बाकासारखी वापरतात, त्यावर बसूनच आम्ही पेपर वाचतो.

वादळानंतर पैसा कसा उभा राहिला, हे विचारलं तर अय्या मोय सांगतात. या पट्ट्यात आडी या तमिळ महिन्यात मोय-विरुंदु होते. अडचणीतला माणूस मटणाचं जेवण घालतो, येणारा पानावर जेवून आहेर लिहून जातो, नाव, गाव, रक्कम. वहीत नोंद होते. पुढे तो बोलावेल तेव्हा आपण त्याहून थोडं जास्त लिहायचं. बँकेचा कागद नाही, तारण नाही, व्याज नाही. आधी जेवण, मग पैसा. अय्यांच्या वडलांच्या काळातली वही मी चाळली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण तमिळ आकड्यांत दोन रुपये, पाच रुपये, आणि नावापुढे गावाचं नाव. फेडलेल्या ओळीवर पेन्सिलची बारीक रेघ. बऱ्याच ओळींवर रेघ होती.

छत्राची डागडुजी व्हावी हा विषय टपरीवर अधूनमधून निघतो. कुणी म्हणतं संग्रहालय करा, कुणी म्हणतं पर्यटन. मी एका सकाळी न राहवून म्हटलं, संग्रहालय खुशाल करा, पण मागच्या अंगणात एक चूल ठेवा. रामेश्वरला पायी जाणारे आजही दिसतात, रात्री उशिरा बस चुकलेले मजूर दिसतात, सरकारी दवाखान्यात माणूस ठेवून बाहेर बसलेले नातेवाईक तर रोजच. रात्री एकदा हाक मारावी आणि बघावं कोण येतं. अण्णांनी चहाची चाळणी झटकली. अय्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘किती माणसं धरायची, सार्?’’ मी म्हटलं, सुरुवातीला पन्नास. ते म्हणाले, ‘‘पन्नासांना रोज दहा किलो तांदूळ. सांबा भात निघाला की दोन पोती माझी. भाजीचं तुम्ही बघा.’’