पाचातले चार
धाकट्याने बोटीवर नोकरी धरली तेव्हा आईने एकच बजावले होते, "दारूला शिवू नकोस." गेल्या लक्ष्मीपूजनाला तो घरी आला नि कॉकटेलांची नावे रंगवून सांगू लागला. डायकिरी म्हणे क्यूबातले एक गाव! आईचा चेहरा उतरला. मी सावरायला गेलो, "अगं, 'पंच' तर आपल्याच पाचावरून. मद्य, लिंबू, साखर, पाणी, मसाला. फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६९८ च्या पुस्तकात तसे लिहूनच ठेवलेय." (विद्वान अजून भांडतात, ते मी गिळले.)

आई पंचामृत ढवळीत होती.

"पाच होय? मग पहिले सोडून उरलेले चार घाल. सरबत होईल."

धाकटा मुकाट्याने लिंबू चिरायला उठला.