कोंबडीची नाडी

कोंबडीसारखा आपले दुखणे लपवणारा जीव मी दुसरा पाहिला नाही. माणसाला साधे पडसे झाले तरी तो घर डोक्यावर घेतो. मांजर कोपरा धरून बसते, कुत्रा केविलवाणे पाहतो. कोंबडी मात्र अंगात त्राण नसले तरी चारचौघींबरोबर उकिरडा उकरत राहते. दाणा टिपण्याचे सोंगसुद्धा करते. चोच खाली जाते, दाणा जागच्या जागी राहतो. कारण उघड आहे. जी दुबळी दिसेल तिला तिच्याच मैत्रिणी टोचून हैराण करतात, आणि घार-मुंगूस नेमके तिलाच हेरतात. म्हणून कोंबडी आजारी आहे हे आपल्या लक्षात येते तो बहुधा आजाराचा पहिला दिवस नसतोच.

हे शहाणपण माझे नव्हे, सासूबाईंचे. त्यांचा जन्म सावंतवाडीकडच्या खेड्यात गेला. सांगलीला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या त्या दोन गावठी कोंबड्या डालग्यात घेऊनच. घरामागे तुळस, कढीलिंब आणि एक पेरू एवढ्यावर संपणारे आमचे परस. त्यात खुराडे उभे राहिले. पुढे सरकारी उबवणी केंद्रातून तीन तांबड्या कोंबड्या आल्या आणि संसार पाचांचा झाला.

रोज सकाळी खुराडे उघडले की आम्ही बाकीचे अंड्यांकडे धावायचो, सासूबाई मात्र खाली वाकून जमीन पाहत बसायच्या. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "कोंबयेक काय इचारतंस? खालच्या भुंयेक इचार!" म्हणजे विष्ठा पाहा. सोवळ्या नाकांनी हे वाक्य ओलांडून पुढे जावे. पण कोंबडीची नाडी तिथेच सापडते. घट्ट, तपकिरी आणि वर पांढरी टोपी असलेली विष्ठा म्हणजे सारे क्षेमकुशल. ती पांढरी टोपी म्हणजे तिची लघवी; पक्ष्यांना ती वेगळी होत नाही. आठ-दहा वेळांतून एकदा काकवीसारखी चिकट, अतिशय घाण वासाची विष्ठा होते. नवखी माणसे तिने घाबरतात. वस्तुतः तीही निरोगीपणाचीच खूण. घाबरायचे ते रक्त दिसले तर, किंवा हिरवट पाणी दिसले तर.

जमिनीनंतर तुरा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लालभडक असतो. तो फिका, काळपट किंवा सुकलेला दिसला की थांबून पाहावे. मग गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपावी. संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी रिकामी, हा नियम. सकाळीही ती दगडासारखी लागली तर लांब गवत नाहीतर सुंभाचा तुकडा आत अडकला असे समजावे. अंगाला हात लावून ताप पाहायला मात्र जाऊ नये. आमच्या ह्यांनी एकदा एक कोंबडी उचलली आणि "अगं, ही तर फणफणली आहे!" म्हणून ओरडले. कोंबडीचे अंग मुळातच १०६-१०७ अंश फॅरनहाइट असते. माणसाला ज्या तापात वात व्हायचा, त्या तापात ती सुखाने संसार करते.

काही दुखणी तर दुखणी नसतातच. खुडूक झालेली कोंबडी पिसे फुलवून दिवसभर एका जागी बसते, खात नाही, जवळ गेले की गुरगुरते. पाहुण्यांना हमखास वाटते की हिचे काही खरे नाही. तिला २१ दिवस अंड्यांवर बसायचे असते, इतकेच. तसेच पिसे झडण्याचे. वर्षाकाठी एकदा जुनी पिसे गळून नवी येतात, आणि त्या काळात अंडी बंद होतात. थंडीत दिवस लहान झाले की अंडी आपोआप कमी पडतात. त्यावर टॉनिकच्या बाटल्या आणणारे लोक आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच, की कोंबडीला बाटली नको, ऊन हवे.

खरी घरची म्हणावी अशी दुखणी दोन-तीनच. पायांची खवले उचकटून पाय जाडे, खडबडीत दिसू लागले, तर खवल्यांखाली डोळ्यांना न दिसणारे किडे शिरलेले असतात. कोमट पाण्यात पाय भिजवून, मऊ ब्रशाने पुसून खोबरेल नाहीतर व्हॅसलीन चोपडत राहावे. हे काही आठवडे चालते, पण उतार पडतो. उवांसाठी कोंबडीला राख आणि कोरडी माती लोळायला द्यावी. आपले अर्धे न्हाणे ती स्वतःच उरकते. उरलेल्या अर्ध्यासाठी शेपटीखालची पिसे आपण बाजूला करून पाहावी लागतात. दिवसा खुराड्याच्या फटींत दडणारे आणि रात्री रक्त पिणारे लाल किडे मात्र दिवसा सापडायचे नाहीत. त्यासाठी रात्री बॅटरी घेऊनच जावे लागते.

अंडे अडकणे हे त्यातले सर्वांत जिवावरचे. आमच्या तांबडीवर ती वेळ आली. शेपटी खाली टाकून, माणसासारखी ताठ उभी राहून ती कुंथत होती आणि मध्येच डोळे मिटत होती. सासूबाईंनी घमेल्यात कोमट पाणी घेतले, तिला पोटापर्यंत त्यात बसवले आणि वरून टॉवेल पांघरला. नवल असे, की कोंबडी शांत बसून राहिली. एखाद्या मोठ्या घरची बाई गरम पाण्याच्या कुंडात विसावावी तशी. अर्ध्या तासाने तिला पुसून, मागे गोडे तेल लावून अंधाऱ्या टोपलीत ठेवले. धाकटी मिनिटामिनिटाला टोपलीला कान लावी. अंडे दिवेलागणीला आले, कवच कागदासारखे पातळ. त्या दिवसापासून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायमचा ठेवला. आत अडकलेले अंडे दाबून काढायला मात्र कधी जाऊ नये. ते आत फुटले तर कोंबडी हातची जाते. पाण्याने सुटले नाही तर गुरांचा दवाखाना गाठावा.

आणि दवाखान्याऐवजी औषधाच्या दुकानात जाऊ नये. माणसांच्या गोळीचा चतकोर तुकडा कोंबडीला चारणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. पिल्लांना रक्ती हगवण लागली तर अँप्रोलियम नावाचे औषध पाण्यातून देतात आणि त्याने गुण येतो. पण किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनीच सांगायला हवे, आणि कोणत्याही औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही त्यांनाच विचारायला हवे. शिवाय त्या रोगाचे जंतू ओलीत पोसतात. खुराड्यातला भुसा ओला राहिला तर औषध एका बाजूने आणि रोग दुसऱ्या बाजूने चालूच.

एका रोगावर मात्र घमेले चालत नाही, तेल चालत नाही आणि डॉक्टरही चालत नाहीत. मराठीत त्याला मानमोडी म्हणतात, पुस्तकात राणीखेत. जगभर त्याचे नाव इंग्लंडातल्या न्यूकॅसल शहरावरून आहे, कारण १९२६ साली तिथे तो आढळला. आपल्याकडे त्याच सुमारास कुमाऊंतल्या राणीखेतला आढळला म्हणून हे नाव. हवा खायला जाण्याच्या इतक्या रम्य गावाच्या नशिबी कोंबड्यांची साथ यावी!

आमच्या आळीत तो आला बाजारच्या कोंबडीबरोबर. शेजाऱ्यांनी आठवडी बाजारातून एक देखणी तलंग आणली आणि थेट आपल्या सातांत सोडली. नवी कोंबडी निदान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी, असे सासूबाई कुंपणावरून सांगत होत्या. पण शेजारधर्मात सल्ल्याला भाव नसतो. चौथ्या दिवशी नवी गेली. मग त्यांच्या कोंबड्या तोंड उघडून श्वास घेऊ लागल्या, हिरवे पाणी हगू लागल्या, दोघींच्या माना पिळल्यासारख्या पाठीवर वळल्या. आमच्या तीन तांबड्यांना उबवणी केंद्रापासून लसी मिळालेल्या होत्या. त्यांना काही झाले नाही. डालग्यातून आलेल्या दोघी गावठी मात्र पडल्या.

त्याच संध्याकाळी कोंबड्या विकत घेणारा सायकलवाला दारात उभा राहिला. अशा माणसांना बातमी कशी लागते कोण जाणे. मिळेल त्या भावात, आजारी असल्या तरी चालतील, म्हणाला. शेजाऱ्यांच्या तीन अजून उभ्या होत्या; त्या देऊन निदान काही पैसे पदरात पाडावेत असे त्यांना वाटले. त्यात त्यांचे फार चुकले असे मी म्हणणार नाही. खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे, आणि रोग गावोगाव फिरतो तोही बराचसा असाच, सायकलच्या टोपलीत बसून. सासूबाई पदर खोचून फाटकाशी गेल्या. "ह्यो उद्या कोणाच्या परसात जातलो?" एवढेच त्यांनी विचारले. शेजारी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच सायकलवाल्याला जायला सांगितले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सकाळी येऊन पाहून गेल्या. एकदम कोंबड्या पटापट मरू लागल्या तर हात न लावता आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा, असे त्यांनी सगळ्यांना बजावले. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हाही सुरुवात अशा पटापट मरणांनीच झाली होती. आमच्याकडे तपासणीत मानमोडीच निघाली. पेरूपलीकडे खोल खड्डा खणून, चुना टाकून मेलेल्या सगळ्या पुरल्या. सासूबाईंच्या दोघींतली एक त्यात होती. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. विचारले तर म्हणाल्या, पोट भरलेले आहे.

लसीची अडचण अशी, की बाटली निदान शंभर कोंबड्यांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून पुढच्या वर्षी सासूबाईंनी आणि त्याच शेजाऱ्यांनी मिळून तीन आळ्या पालथ्या घातल्या. धाकटीने शाळेच्या वहीत घरवार यादी केली, ६४ भरल्या. ठरल्या सकाळी पिशव्या, टोपल्या, एक तर पाळणासुद्धा, असे काय काय घेऊन लोक आमच्या परसात जमले. डॉक्टरीणबाईंनी बर्फाच्या थर्मासातून बाटली काढली आणि एकेकीच्या डोळ्यात एकेक थेंब सोडला. पहिला मान शेजाऱ्यांच्या नव्या पिल्लांचा होता.

दुसरी गावठी, काजळी, जगली. औषध नव्हतेच, तीन आठवडे सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी आणि भिजवलेली कणी भरवली. मान मात्र वाकडी ती वाकडीच राहिली. दाणा टिपताना तिचा नेम चुकतो, म्हणून तिला पसरट ताटलीऐवजी खोल वाडगा देतो. त्यात कुठेही चोच मारली तरी काही ना काही लागतेच.