गळ्यातला कॅमेरा

फळीवर उभे राहून वल्हे मारण्याचा जो खेळ आता आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरही दिसू लागला आहे, त्याच्या जन्मकथेत कॅमेरा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. हवाई बेटांतल्या वायकीकी किनाऱ्यावर १९५०-६० च्या सुमारास पर्यटकांना लाटेवर स्वार व्हायला शिकवणारे स्थानिक लोक होते. त्यांना 'बीच बॉय' म्हणत, मग वय पन्नाशीचे का असेना. त्यांच्यातले काही जण पोटावर पडून हातांनी पाणी लोटण्याऐवजी होडीचे वल्हे घेऊन फळीवर सरळ उभे राहत. उभ्याने लांबची लाट दिसते, शिकाऊ पाहुण्यावर नजर राहते आणि गळ्यातला कॅमेराही कोरडा राहतो. पाहुण्याचा फोटो काढून देणे हा कामाचाच भाग. या संदर्भात जॉन आह चॉय आणि त्यांची मुले लेरॉय व बॉबी यांची नावे घेतली जातात. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी हा प्रकार मोठ्या लाटांवर नेला, तेव्हा जगाला तो नवाच वाटला.

हे वाचले तेव्हा आमच्या मनात एकच प्रश्न आला. ज्यांच्या गळ्यात कॅमेरा होता, त्यांचे फोटो कुणी काढले? १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई आपल्यात सामील करून घेतले होते. ज्यांचा समुद्र, तेच त्या समुद्रावर पाहुण्यांची सरबराई करीत होते.

प्रश्न सुचायला कारण आमचा एक माजी विद्यार्थी. दहावी आमच्याच उर्दू शाळेतून झाला. वालिद मच्छीमार होते, ते आजारपणात गेले. मुलगा आता खाडीच्या मुखाशी पाहुण्यांना फळीवर उभे करतो आणि त्यांची चित्रफीत काढून देतो. दिवसाला वीस-पंचवीस चित्रफिती. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत त्याने टिपलेली दृश्ये असतील. त्याचे स्वतःचे एकही नाही. वालिदांचाही होडीवरचा फोटो घरात नाही. आहे तो ओळखपत्रावरचा, भिंतीपुढे बसवून काढलेला.

मागच्या वर्षी त्याला स्वतःची फळी घ्यायची होती. अम्मीने छपरासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात जाणार होते, म्हणून तो विचारायला आला. पोहणे त्याला आमच्यापेक्षा कितीतरी चांगले येते. आमच्याकडे होता तो फक्त नववीचा धडा. वर्गात आम्ही ज्याला अर्शमीदसचा उसूल म्हणतो, त्याचाच हा हिशेब. फळीचे आकारमान लिटरमध्ये लिहिलेले असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दीडशे लिटरची फळी स्वतःच्या वजनासकट साधारण दीडशे किलोपर्यंत पाण्यावर राहील. पण नुसते तरंगणे वेगळे आणि उभे राहता येणे वेगळे. म्हणून नवशिक्याने आपल्या वजनाच्या निदान दुप्पट लिटर धरावेत असा ठोकताळा आहे. साडेदहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद अशी फळी बहुतेकांना चालते. लाटांवर वळायचे तर आठ-नऊ फुटी हवी, पण ती पायाखाली सारखी डुलते.

त्याचा जीव त्या आखूड फळीवर जडला होता. हवा भरायची फळी स्वस्त पडेल, असे मित्र सांगत होते. तीही वाईट नसते. तिच्या दोन थरांमध्ये हजारो धागे ताणलेले असतात, त्यामुळे हवा पुरी भरली की ती पाटासारखी सपाट होते. कमी भरली तर मध्ये वाकते. आम्ही म्हटले, चित्रीकरण करणार असशील तर रुंदी सोडू नकोस. डोळा पडद्यावर गेला की क्षितिज सुटते आणि क्षितिज सुटले की तोल जातो. थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "सर, माझ्यासाठी म्हणून घेणार होतो."

यावर कोणता उसूल सांगणार?

शेवटी त्याने चौतीस इंच रुंद, टणक, जुनी फळी घेतली. घोट्याला बांधायची दोरी मात्र नवी घेतली, तिथे त्याने काटकसर केली नाही. त्या दोरीमुळे पडल्यावर फळी हाताशी राहते. वाहत्या नदीत मात्र ती घोट्याला नको, अडकली तर सोडवता येत नाही. तिथे कमरेला झटकन सुटणारा पट्टा लावतात.

चित्रीकरणाची गंमत त्यानेच आम्हाला शिकवली. फळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा फार रुंद पाहतो, त्यामुळे छातीएवढी लाट गुडघ्याएवढी दिसते. किनाऱ्यावरून लांब पल्ल्याच्या भिंगाने तीच लाट डोंगर होते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन वाळूवर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागून येते आणि पाण्यातला चेहरा उजळतो. संध्याकाळी सगळे काळ्या सावल्या. पाहुणे येतात ते नेमके संध्याकाळी आणि त्यांना सावल्याच आवडतात. शिवाय दुपारनंतर समुद्राकडचा वारा वाढतो, पाणी खडबडीत होते. त्याची स्वतःची वेळ म्हणजे सकाळची, पाहुणे चहा पीत असतात तेव्हाची.

एका रविवारी फजरनंतर आम्ही त्याचा मोबाईल घेऊन वाळूत उभे राहिलो. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवायचे, श्वास संथ ठेवायचा, पाण्याची रेघ आडवी राखायची, आणि तो हलला तरी आपण घाईने वळायचे नाही. सगळे त्यानेच बजावले होते. पहिल्या दोन वेळा तो पडला. तिसऱ्या वेळी लाट पाठीखाली आली, त्याने वल्हे एका बाजूला रोवले, गुडघे मोडले आणि तो थेट आमच्याकडे आला. अठरा सेकंद.

अम्मीने ते दृश्य चार वेळा पाहिले. त्याचा बापही होडीत असाच, उजवा पाय मागे टाकून उभा राहायचा, असे त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, चेहरा जवळून का नाही घेतला? मोबाईलचे भिंग लांबचे ओढत नाही, असे आम्ही सांगू लागलो. त्यांचे लक्ष नव्हते. पुढच्या रविवारी त्याच येणार आहेत, भरतीची वेळ विचारून ठेवली आहे.