रुक्मिणीच्या मुलखातली टिपणे

भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीचे पत्र आहे, सात श्लोकांचे. प्रेमपत्र म्हणून त्याचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्यातले नियोजन फार मोठे वाटते. भावाने शिशुपालाशी सोयरीक ठरवली आहे, लग्न तोंडावर आले आहे. ती कृष्णाला कळवते : आधी गुपचूप ये, मागून सैन्य येऊ दे. अंतःपुरातून मला न्यायचे तर माझ्या माणसांवर शस्त्र धरावे लागेल, ते नको. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते. तिथून मला ने.

दिवस तिने ठरवला, जागा तिने ठरवली, आपल्या माणसांचे रक्त सांडू नये हेही तिनेच सांगितले. कृष्णाकडे उरले ते दोनच : हो म्हणणे आणि वेळेवर पोचणे. तो पोचला. आनर्त देशातून विदर्भात एका रात्रीत आला, असे भागवत सांगते. सारथी दारुक, घोडे चार : शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक. घोड्यांचीही नावे जपणारी ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातली आहे.

*

कौंडिण्यपूर, म्हणजे गोष्टीतले कुंडिनपूर, अमरावतीहून चाळीसेक किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी तिथे उत्खनन केले आणि गाव किती जुने आहे ते जमिनीतूनच वर आले. रुक्मिणीची पालखी इथून दर आषाढीला पंढरपूरला जाते. चारशे वर्षांहून जुनी परंपरा. माहेरची पालखी म्हणून तिचा मान वेगळा.

अमरावतीकर मात्र सांगतात की पत्रातले देऊळ म्हणजे आमची अंबादेवी. तिथूनच कृष्णाने तिला रथात घेतले. भातकुली म्हणजे भोजकट, हरल्यावर तिचा भाऊ रुक्मी याने वसवलेले. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती. ती पुरी झाली नाही आणि तो बाहेरच राहिला. भोजकट हे नाव नुसते पुराणातले नाही. अचलपूरजवळच्या चम्मकला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला, त्यात भोजकट राज्याचा उल्लेख आहे.

*

आता माझ्या भाचीचे, तिच्या लग्नाचे. ती अकोल्याची, मुलगा वरुडकडचा. दोघे पुण्याला नोकरी करतात. जात वेगळी. दोन्ही घरी माहीत होते, पण बोलायला कोणी तयार नव्हते.

डिसेंबरात मित्रमैत्रिणी मिळून गाड्या घेऊन हिमाचलला गेले. मनालीच्या पुढे अटल बोगदा आहे, ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२०ला सुरू झालेला. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की लाहौल खोरे महिनोन्‌महिने तुटून राही. आता माणूस बोगद्यातून सरळ पलीकडे सिस्सूला जातो. बर्फ पडल्यावर पोलीस चाकांना साखळ्या असलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच पुढे सोडतात. साखळ्या भाड्याने घेतल्या. बांधणाऱ्या पोराने सांगितले, गिअर खालचा ठेवा, ब्रेक दाबू नका, नुसता टेकवा. होणाऱ्या जावयाला ते लगेच जमले. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर काळ्या मातीच्या पांदणीतून फटफटी काढलेल्या माणसाला घसरण नवी नसते.

सिस्सूला चंद्रा नदीच्या काठी गाडी थांबवली. त्याच्या बापाच्या बागेतली संत्री पिशवीत होती, ती सोलली. मग त्याने विचारले. गुडघा टेकला नाही, अंगठी काढली नाही. मित्रांना त्याने आधीच सांगून ठेवले होते, मोबाइल खिशात ठेवा. वऱ्हाडीतच म्हणाला, "माह्यासंग राहशीन का, जिंदगीभर?"

ती म्हणाली, "बोगदा संपेपर्यंत थांब."

परतीच्या वाटेवर बोगद्यात गाडी शिरली. नऊ किलोमीटर कोणी बोलले नाही. त्याने परत विचारले नाही, गाणे लावले नाही. दक्षिणेच्या तोंडाशी उजेड आला तेव्हा ती हो म्हणाली.

मला या सगळ्यात ते नऊ किलोमीटर सर्वांत मोलाचे वाटतात.

*

"एवढं ओळखत होतीस, तर थांबवलं कशाला?" मी विचारले.

"मावशी, आम्ही वर्षभर बोलतच होतो. पगार, माझी नोकरी, त्याची शेती, आईबाबांच्या म्हातारपणी कोणी कुठं राहायचं. तिथं त्यानं विचारलं हे सरप्राइज होतं. काय विचारलं ते नव्हतं. पण विचारलं ना, मग मला विचार करायला वेळ पाहिजे."

हल्ली मॉलमध्ये, गरब्यात, भर रिसेप्शनच्या स्टेजवर मुलगा अंगठी काढतो, भोवती शंभर मोबाइल उभे राहतात. मला तिथे मुलीचा चेहरा बघवत नाही. तिला नाही म्हणायचे असले तर ती कुठे म्हणणार? धक्का जागेचा द्यावा, फुलांचा द्यावा. प्रश्नाचा देऊ नये.

*

तिच्या आजीला, म्हणजे ताईच्या सासूबाईंना, व्हिडिओ कॉलवर सांगितले. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या टाइमाले पोरीले कोनी इचारत नसे, माय. बाप सांगे अन् पोरगी पाटावर बसे. तुले इचारलं त्यानं? मंग चांगलाच असन पोरगा."

घरातला पहिला होकार तो.

*

आमच्याकडे आभाळातून बर्फ पडतो तो एकाच रूपात, गारांच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू पिवळा पडलेला, हरभरा सोंगणीला आलेला, संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे नुकती धरलेली, तेव्हा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भात कोणी विसरलेले नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे जातो, त्या उन्हाचे कोणाला भय वाटत नाही. गारांचे वाटते.

म्हणून मुलाच्या वडिलांनी बर्फाचे फोटो पाहिले तेव्हा पहिला प्रश्न केला, "तिथल्या बागाइतदाराचं कसं होते मंग?" मुलाने सांगितले की सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात थंडीचे ठरावीक तास मिळावेच लागतात, नाही तर बहर नीट येत नाही, बर्फ हळूहळू विरघळून मुळाशी ओल राहते, तिकडचे शेतकरी त्याला पांढरे खत म्हणतात. संत्र्याच्या माणसाला हे पटले. ताण दिल्याशिवाय आंबिया बहर फुटत नाही हे त्याने आयुष्यभर पाहिलेले. बापलेकाचे त्या रात्री बागेवरच बोलणे झाले, आणि शेवटी बापाने आपणहून विचारले, "पोरीच्या घरचे काय म्हनतात?"

*

हिमालयही रुक्मिणीवर हक्क सांगतो. अरुणाचलातल्या इदू मिश्मी लोकांची श्रद्धा आहे की ती त्यांची लेक. रोइंगजवळ भीष्मकनगरचे अवशेष आहेत, ते तिच्या बापाचे नगर मानतात. कृष्णाने रुक्मीला जिवे न मारता त्याचे केस कापून सोडले, त्या खुणेशी इदूंची केस कापण्याची खास रीत जोडतात. रोइंगहून वर मायोदिया खिंड आहे, अडीच हजार मीटरहून उंच, हिवाळ्यात बर्फाने भरणारी. तिकडे गुजरातेत माधवपूर घेडला रामनवमीपासून कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची जत्रा भरते, आणि २०१८पासून ईशान्येचे लोकही माहेरचे म्हणून त्या जत्रेला येतात.

कोणाचे खरे, हा वाद मी घालणार नाही. स्वतः नवरा निवडून त्याला निरोप धाडणारी लेक आपली असावी असे वर्धेच्या काठालाही वाटते आणि अरुणाचलातल्या दिबांगच्या काठालाही. मला याचा आनंद आहे.

*

एकनाथांनी 'रुक्मिणी स्वयंवर' १५७१मध्ये काशीत पूर्ण केले. लग्न जुळत नसेल तर मुलीला त्याचे पारायण करायला सांगतात. आमच्याही घरी सांगत. आठवणीत आहे ती देवघरापुढची मुलगी, मांडीवर पोथी, आणि बाहेरच्या खोलीत तिचा बायोडाटा चाललेला. स्थळ काय करते, एकर किती, मुलगा एकटा की भाऊ आहेत. तिला कोणी बाहेर बोलावत नाही. जी पोथी ती वाचते आहे तिच्यात मात्र मुलगी भाऊ, बाप, ठरलेला वर या सगळ्यांना ओलांडून आपले आपण पत्र लिहिते. पारायण करायला लावणाऱ्यांनी एकदा तो प्रसंग मुलीबरोबर बसून वाचावा.

*

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली. भक्तांनी लग्न मांडले, आणि महदाइसेला गायला सांगितले. तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. मराठीची पहिली कवयित्री ती. पंथप्रवर्तक चक्रधरांना सतत प्रश्न विचारणारी म्हणूनही त्यांचे लीळाचरित्र तिला ओळखते. म्हणजे वऱ्हाडातल्या या लग्नाचे मराठी गाणे आधी एका बाईने गायले, आणि तीही विचारणारी बाई. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथे शिकणाऱ्या मुलींनी धवळे पाठ करावेत असे मला फार वाटते.

*

ताईचे यजमान, आमचे भाऊजी, बोलेनात. जातीचा विषय घरात नाव न घेता फिरत राहिला. "लोक काय म्हणतील" एवढेच ऐकू येई.

मी त्यांच्याकडे पंजाबराव देशमुखांचा विषय काढला. भाऊजी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेले, रोज त्या नावाच्या फाटकातून गेलेले. पंजाबरावांनी १९२७मध्ये मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केले, तेव्हा तो आंतरजातीय विवाह होता आणि गावोगाव त्याची चर्चा झाली. विमलाबाई पुढे वकिलीचे शिक्षण घेऊन राज्यसभेवर गेल्या. त्याच १९२७च्या नोव्हेंबरात अमरावतीला इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश देण्याचा. पंजाबराव त्या बाजूने उभे होते. रुक्मिणी ज्या देवळातून आपल्या मनाने निघाली असे आपण सांगतो, त्याच देवळाच्या दाराशी हा लढा झाला.

"पंजाबरावांचं वेगळं होतं," भाऊजी म्हणाले.

वेगळे नव्हते. तेव्हाही लोक हेच म्हणत होते.

*

दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायचे ठरवले. १९५४चा कायदा. मुलगी १८, मुलगा २१ पूर्ण हवा. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेले असावे. लग्नाची नोटीस कचेरीत सर्वांना दिसेल अशा जागी लावतात आणि तीस दिवस हरकतीची वाट पाहतात. घरचे पाठीशी असतील तर हे तीस दिवस सहज जातात. घरचे विरोधात असतील तर तो कागद म्हणजे मुलीचा पत्ता उघड्यावर टांगणे असते. रुक्मिणीने निरोप एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती दिला होता, वेशीवर लावला नव्हता. सज्ञान माणसांच्या लग्नाची ही जाहीर नोटीस कायद्यातून काढून टाकायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

*

ज्यांना मनाली परवडत नाही त्यांना चिखलदरा आहे. परतवाड्याहून घाट चढायचा, अकराशे मीटरची उंची, पावसाळ्यात धुके असे की पंचबोलवर उभे राहून दरी दिसत नाही. भीमाने कीचकाला मारून जिथे फेकले ती ही दरी, कीचकदरा, असे इथे सांगतात. द्रौपदीच्या नकाराला ज्याने किंमत दिली नाही त्याचा शेवट आपल्या डोंगराने नावात जपून ठेवला आहे. फटफटीवर मागे बसून येणाऱ्या पोरींना आणि पुढे बसलेल्या पोरांना ही गोष्ट जरूर सांगावी.

 

*

पंढरपूरला रुक्मिणी विठ्ठलाच्या गाभाऱ्यात शेजारी उभी नाही, तिचे देऊळ वेगळे आहे. ती रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव आला, अशी कथा. लग्नानंतरही मनधरणीला त्यालाच यावे लागले. भाचीला हे आवडले. त्याला सांगून ठेवते म्हणाली.

*

भाऊजींनी परवा मुलाला अकोल्याला जेवायला बोलावले. फार बोलले नाहीत. संत्र्यावरच्या कोळशीला काय फवारता, एवढे विचारले. जेवण झाल्यावर भाचीला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझं पक्कं आहे ना?" बापाने तिला तिच्या लग्नाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. ती हो म्हणाली. साक्षगंध नाही, बस्ता नाही, मांडव नाही. त्या पैशांतून वरुडच्या बागेत ठिबक घालायचे दोघांनी ठरवले आहे.

नोटीस लागली आहे. साक्षीदार तीन लागतात. एक त्याचा मित्र, एक भाऊजी स्वतः, आणि तिसरी सही माझी.